कीबोर्ड तिचा, माउस माझा

या सदरात येणारे अनुभव मी आजवर निव्वळ करमणूक म्हणून वाचत आलो, हे आधीच सांगून टाकतो. कुणाला घाटात पांढरी साडी दिसते, कुणाच्या मागून पावलं वाजतात... वाचायचं, हसायचं आणि कामाला लागायचं. आमच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, त्या दिवसापासून नवस, उतारा, अंगात येणं – सगळं उंबऱ्याच्या बाहेर. दुकानावर कुणी लिंबू-मिरची बांधायला आला तर मी त्याच्याशी अर्धा तास हुज्जत घालतो. बायको म्हणायची, "अहो, सोडा ना, बिचारा पोटासाठी फिरतोय." पण सोडेन तो मी कसला! तर असा माणूस आता हे लिहायला बसलाय. ज्यांना हसायचं असेल त्यांनी खुशाल हसा, मीही हसलोच असतो.

लोणावळ्याला लागून कुसगाव आहे. हॉटेलांच्या पाट्या संपल्या की डाव्या हाताला माझं दुकान – फ्लेक्स, लग्नपत्रिका, वाढदिवसाचे बॅनर, श्रद्धांजलीचे बोर्ड. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. मूलबाळ नाही. बावीस वर्षं मी आणि वंदना, दोघांनीच हे दुकान चालवलं.

आमची कामाची पद्धत सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. कॉम्प्युटर एकच. डिझाइन माझं, म्हणजे माउस माझा. टायपिंग तिचं, म्हणजे कीबोर्ड तिचा. मला टायपिंग येत नाही, आजही येत नाही. आमच्या धंद्यातले जुने फॉन्ट टाइपरायटरच्या पद्धतीने चालतात. बटणावर छापलेलं इंग्रजी अक्षर आणि पडद्यावर उमटणारं मराठी अक्षर यांचा काडीचा संबंध नसतो. काही जोडाक्षरांना तर ऑल्ट दाबून धरायचं आणि उजवीकडच्या आकड्यांवर चार आकडे मारायचे. वंदनाने लग्नाआधी तळेगावला मराठी टायपिंगची परीक्षा दिली होती, तिच्या ते बोटांत होतं. त्यात मी डावखुरा. म्हणून मी डावीकडे बसायचो, ती उजवीकडे, आणि समोर एकच पडदा. ती टाइप करायची आणि मी ते उचलून जागेवर बसवायचो. गिऱ्हाईक म्हणायचं, "तुम्ही दोघं बाजाच्या पेटीला बसल्यासारखे दिसता."

भांडण व्हायचं ते वायरींवरून. माउसची वायर तिच्या कीबोर्डावरून जायची, मी माउस ओढला की तिची ओळ बिघडायची. एकदा त्या वायरीनेच चहाचा कप कुणाच्या तरी साखरपुड्याच्या मजकुरावर उपडा केला. त्या दिवशी ती म्हणाली, "आता वायरलेस. उद्याच."

दुसऱ्या दिवशी लोणावळ्याच्या बाजारात गेलो. मला वाटलं दहा मिनिटांचं काम. दुकानदाराने एक छोटासा नाजूक सेट काढला, तर आमच्या बाई म्हणाल्या, "याला उजवीकडे आकडे कुठायत? आकड्यांशिवाय माझी जोडाक्षरं व्हायची कशी?" दुसऱ्याची बटणं सपाट होती. "बोटाला कळायला नको, कुठलं बटण ते?" तिसरा ब्लूटूथचा, तो आमच्या जुन्या कॉम्प्युटरला लागणारच नव्हता. ती डोळे मिटून काउंटरवर एकेक कीबोर्ड वाजवून बघत होती आणि दुकानदार माझ्याकडे बघत होता. शेवटी एक पसंत पडला – पूर्ण आकाराचा, मागे पाय उचलता येणारा, हलक्या आवाजाचा. माउससुद्धा तिनेच तपासला, एका बाजूला वाकडा नाही ना म्हणून. तसला माझ्या डाव्या हाताला चालत नाही. दोघांना मिळून एकच रिसीव्हर, नखाएवढा. दुकानदार म्हणाला, "ह्या दोघांची जोडी कंपनीतूनच लावून येते मॅडम. दुसरा कीबोर्ड आणून लावाल तर चालायचा नाही." वंदना माझ्याकडे बघून म्हणाली, "आमचंही तसंच आहे."

गेल्या जानेवारीत ती गेली. सकाळी छातीत कळ आली म्हणाली, मी गाडी काढेपर्यंत संपलं होतं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

कीबोर्ड मी कापडी पिशवीत घालून वरच्या फळीवर ठेवला. त्याचे सेल काढून भिंतीवरच्या घड्याळात घातले. हल्ली लोक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. तो कॉपी करायचा, पेस्ट करायचा, फॉन्ट बदलायचा – माउसवर भागतं. एखादं अक्षर अडलंच तर पडद्यावरच्या कीबोर्डावर शोधून शोधून क्लिक करतो. काम चालतं हो. पण मंगळवार-बुधवारी लोणावळ्यात पर्यटक नसतात, दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा फिरत नाही आणि उजवीकडची खुर्ची रिकामी असते. त्या खुर्चीवर मी गिऱ्हाइकालाही बसू देत नाही. वर्षभर मी दिवसाला वीस वाक्यं बोललो असेन-नसेन, आणि त्यातली पंधरा "साइज काय, कधी पाहिजे" एवढीच.

आता प्रकाशबद्दल. प्रकाश हा वंदनाचा धाकटा भाऊ. आंबीला राहतो, तिथल्या एका कंपनीत कामाला आहे, थोडी भातशेतीही करतो. सहा वर्षांपूर्वी त्यांची आई गेली. आम्ही गेलो, तर गावाच्या तोंडाशी श्रद्धांजलीचा बोर्ड लागलेला. खाली शोकाकुल म्हणून पंचवीसेक नावं – सून, नातवंडं, भावकी, पंचायतीतले दोघं-तिघं. पोटच्या लेकीचं नाव नाही! वंदनाने तो बोर्ड दोनदा वाचला. मग मला म्हणाली, "माझं नाव नाही हो." एवढंच. जिने आयुष्यभर लोकांच्या बोर्डावर नावं लिहिली, कुणाची चुलत आत्या सुटू दिली नाही, तिचंच नाव तिच्या आईच्या बोर्डावरून सुटलं. प्रकाशने छापणाऱ्यावर ढकललं. ती काही बोलली नाही, पण पुन्हा माहेरी गेली नाही. फोन आला तर मला द्यायची. आतून झुरायची, ते मला दिसायचं.

या जानेवारीत तिच्या पहिल्या वर्षाचं पुण्यानुमोदन करायचं होतं. विहारात बुद्धवंदना, भोजनदान, चार नातेवाईक. पत्रिका आणि बोर्ड मीच करणार, दुसरं कोण करणार? वर फोटो, खाली "कालकथित वंदना", मग तारीख, मग सगळ्यांची नावं. प्रकाशचं नाव मी घातलं नाही. ठरवून घातलं नाही. बघू दे त्यालाही, नाव नसलं की कसं वाटतं ते. आमच्याकडे नातेवाइकाचं नाव पत्रिकेत नसलं तर तो येत नाही. त्याला न बोलावण्याची ती रीतच आहे.

यादी लावून झाली तेव्हा दुपारचे तीन वाजत आले होते. मागे जाऊन चहा टाकला, कप घेऊन आलो. शेवटच्या नावाखाली एक ओळ वाढली होती –

बंधू – प्रकाश आणि परिवार, आंबी

आमच्याच फॉन्टमध्ये, त्याच साइजमध्ये. मला आधी राग आला. दुकानात कुणी शिरलं असणार म्हणून बाहेर जाऊन बघितलं, रस्ता मोकळा. म्हटलं, मीच चुकून कुठून तरी पेस्ट केलं असेल. ओळ पुसली. दुसऱ्या दिवशी तीनच्या सुमाराला दुधाचं पातेलं उतरवायला मागे गेलो आणि परत आलो, तर ओळ पुन्हा तिथेच.

मी इरफानला फोन लावला. हा लोणावळ्यात कॉम्प्युटर दुरुस्त करतो, पोरगा हुशार. तिसऱ्या दिवशी दुपारी आला, व्हायरस बघितला, इंटरनेटची वायर काढली, बाहेरून कुणी घुसलंय का ते तपासलं.

"काका, सब क्लीन आहे. कीबोर्ड कुठंय तुमचा?"

मी फळीकडे बोट केलं. त्याने पिशवी उतरवली, कीबोर्ड उलटा केला, झाकण काढलं.

"यात सेलच नाहीत."

"माहितीये मला."

"मग काका, टाइप कोण करणार? जुनी फाइल उघडली असेल तुम्ही, ऑटोसेव्हवाली."

"अरे बाबा, ही फाइल मी परवा पहिल्यांदा बनवली. आणि मला हा फॉन्ट टाइपच करता येत नाही!"

त्याने डोकं खाजवलं. "फॉरमॅट मारून देऊ?"

"काही नको. तू चहा घे आणि जा."

तो गेल्यावर कीबोर्ड मी परत फळीवर ठेवला नाही. तिच्या जागेवर, खुर्चीसमोर ठेवला. सेल घातले नाहीत. ओळ पुसली आणि माउसवर हात ठेवून बसून राहिलो. बाहेर चक्क ऊन होतं, हायवेवरून गाड्यांचा आवाज येत होता. तीन वाजून पाच मिनिटं झाली असतील.

पडद्यावर ‘बंधू’ उमटलं.

बटणं हलली नाहीत, आवाज नाही. नुसतं अक्षरामागून अक्षर येत होतं. ‘प्रकाश’च्या आधी मध्येच थांबलं. आमच्या फॉन्टमध्ये त्या पहिल्या जोडाक्षराला चार आकडे मारावे लागतात, तिथे तिचा हात असाच थांबायचा. मग बाकीची ओळ सरसर आली. शेवटी एक टिंब पडलं... आणि पुसलं गेलं. ही वंदनाची खोड. टायपिंगच्या क्लासमध्ये ओळ संपली की टिंब द्यायची सवय लागलेली, बोर्डावर ते नको असायचं, म्हणून ती देऊन लगेच पुसायची. बावीस वर्षं मी त्यावरून तिची चेष्टा केली. ही गोष्ट जगात आम्हा दोघांशिवाय कुणालाही माहीत नव्हती.

घाबरलो का? नाही. मला आनंद झाला. लिहायला लाज वाटते, पण झाला. मी म्हणालो, "वंदे?" मी पुन्हा हाक मारली. पडद्यावर ती ओळ तशीच, बाकी काही नाही.

आता खरं ते सांगतो, आणि यासाठीच हे लिहितोय. ती काय सांगत होती हे मला त्याच दिवशी कळलं होतं. शेंबडं पोरही सांगेल – भावाचं नाव घाला. घालायचं, फाइल छापायला पाठवायची, विषय संपला. पण विषय संपला की ती कशाला येईल?

म्हणून मी ती ओळ पुसली.

रोज पुसली. रोज तीनच्या आधी. दाढी करायचो, धुतलेला शर्ट घालायचो, गिऱ्हाइकाला सांगायचो, "चारनंतर या." मग डावीकडे बसून बोलत राहायचो – गॅस संपला, शेजारच्यांनी मजला चढवला, माझा गुडघा दुखतो, तुझ्यासारखी आमटी काही केल्या होत नाही. आणि ओळ यायची. मी दुसरी नावंही काढून बघितली. माझ्या भावाचं काढलं, पुतण्यांचं काढलं, ती काही कुणी भरली नाहीत. पडद्यावरच्या कीबोर्डावर एकेक अक्षर शोधून मी लिहिलं, "कशी आहेस?" त्याखाली काहीच आलं नाही. तिला माझ्याशी बोलायचं नव्हतं. तिला काम पुरं करायचं होतं. मला तेही चालणार होतं. ती उजवीकडे आहे एवढं मला पुरत होतं. असे नऊ दिवस गेले.

दहाव्या दिवशी सकाळी प्रकाश आला. दुकानाच्या पायरीखालीच उभा, खांद्यावर इंद्रायणीचं अर्धं पोतं. केस सगळे पांढरे झालेले. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान आहे तो.

"या की वर," मी म्हणालो, पण माझा सूर काही बरा नव्हता.

"न्हाई दाजी, हितंच बरा हाय. नवा तांदूळ हाय, ताईच्या कार्यक्रमाला लागंल." त्याने पोतं पायरीवर टेकवलं. "दाजी, एक इचारायचं व्हतं... मी आलो तर चालंल का?"

मी काउंटरवरची बिलं सारखी करायला लागलो.

"पत्रिकेत नाव नका टाकू, माजी तक्रार न्हाई. मी लांब बसंन. आईच्या बोर्डाचं म्हनाल तर... त्या दिवशी मी कुनाकुनाची नावं सांगितली, ताईचं सांगितलं का न्हाई, मला आजबी आठवत न्हाई. छापनाऱ्यावर ढकललं ते खोटं बोललो. मला लय लाज वाटत व्हती. म्हनलं ताई रागवंल, दोन शिव्या घालंल आन् मिटंल. तिनं शिवीच घातली न्हाई, दाजी." तो रडायला लागला. भर सकाळी, रस्त्यावर, येणारे-जाणारे बघत होते.

आणि मी काय केलं? मी म्हणालो, "कार्यक्रम घरच्यापुरता आहे." मला वंदनाचा बदला घ्यायचा नव्हता, ते कधीच मागे पडलं होतं. याला हो म्हटलं तर नाव घालावं लागेल, आणि नाव घातलं की माझी दुपारची तीनची वेळ गेली. एवढ्यासाठी मी एका रडणाऱ्या माणसाला पायरीवरून परत पाठवला. तो "व्हय, बरं हाय" म्हणाला आणि तांदूळ तिथेच ठेवून गेला.

त्या दुपारी मी ओळ पुसून बसलो. तीन वाजले. साडेतीन झाले. काही नाही. चार वाजून गेले. "वंदे, रागावलीस का? अगं, बोल की!" असं काहीबाही बडबडत होतो. मग केव्हातरी ‘बं’ आलं. बऱ्याच वेळाने ‘धू’. जोडाक्षरापाशी इतकं थांबलं की मला वाटलं, झालं, गेली. अक्षर आलं, पुसलं गेलं, पुन्हा आलं. वंदनाची एक ओळ म्हणजे तीन-चार सेकंदांचं काम. त्या दिवशी तिला अर्धा तास लागला. शेवटच्या दिवसांत विहाराचा जिना चढताना ती अशीच पायरी-पायरीवर थांबायची, आणि मी खालून म्हणायचो, "चल लवकर."

तेव्हा मला माझीच किळस आली. एक नाव सुटलं म्हणून जी बाई जाईपर्यंत पाच वर्षं झुरली, तिच्याकडून मी तेच काम रोज करून घेत होतो आणि रोज पुसत होतो. का, तर मला एकट्याला करमत नाही म्हणून. मी तिला थकवत होतो. गेल्यावरही.

मी म्हणालो, "राहू दे आता. झालं. छान झालंय." फाइल सेव्ह केली आणि छापणाऱ्याकडे पाठवली. मग प्रकाशला फोन लावला. "पत्रिका उद्या येते. तुझं नाव आहे. सगळ्यांना घेऊन ये, आणि लांबबिंब बसायचं नाही."

कार्यक्रम नीट झाला. प्रकाश, त्याची बायको, दोन्ही पोरं, सगळे आले. पंक्तीत वाढायला तोच पुढे होता. निघताना बोर्डासमोर जाऊन आपल्या नावावर बोट ठेवून उभा राहिला. "दाजी, तुमचे उपकार झाले," म्हणाला. मी म्हणालो, "माझे काही नाहीत." त्याला वाटलं, मी मोठेपणाने बोलतोय. त्याला मी आजवर काही सांगितलेलं नाही.

त्या दिवसापासून पडद्यावर एक अक्षरही उमटलं नाही. मी सगळं करून बघितलं, खोटं कशाला बोलू? गिऱ्हाइकांच्या बोर्डांवरून नावं गाळून बघितली. कार्ल्याच्या एका बाईने तर मला दुकानात येऊन झापलं, "अवो भाऊ, माज्या सासऱ्याचं नाव कुटं गेलं? जित्या मानसाला गायब केलं व्हय?" माफी मागून नवा बोर्ड करून दिला.

इरफान अजून म्हणतो की फाइलचाच काहीतरी घोळ असणार. असेल. ओळखीच्या एका डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, एकटं राहिल्यावर मनाला दिसतं. तेही असेल, पण ती ओळ छापून आली, शंभर लोकांनी वाचली, आणि ती मी टाइप केलेली नाही. मला ती टाइप करताच येत नाही. याचा अर्थ मला अजून लागलेला नाही, तुमच्यापैकी कुणाला लागला तर कळवा. भुताखेतांवर माझा आजही विश्वास नाही.

बरोबर काय होतं ते मी केलं, हेही मला ठाऊक आहे. प्रकाश आता दर रविवारी फोन करतो, आम्ही बोलतो. पण रोज दुपारी तीन वाजले की मी डावीकडे बसतो, आणि एकच गोष्ट मनात येते – आणखी एक दिवस, फक्त एकच दिवस, ते नाव मी पुसायला हवं होतं.